चूलबंद आवतण आणि वन्संचा काटा

नातवाच्या जावळाचा दिवस ठरला तेव्हा आम्ही सगळे गावच्या सोप्यात बसलो होतो. लेकानं विचारलं, "आवतण द्यायला कोण जातंय?" मी पदर खोचून उठणार, तेवढ्यात खांबाला टेकून शेंगा फोडत बसलेल्या वन्सं म्हणाल्या, "कुनीबी जावा. पर वैनीला नगा धाडू. गाव उलथंल."

सगळी हसली. हे तर इतके हसले की कवळी सावरावी लागली. सून मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. नवी आहे, तिला आमच्या घरातले जुने गुन्हे अजून पाठ नाहीत.

"आत्या, काय केलं होतं आईंनी?"

"कंच्या बारीचं सांगू? पयल्या का दुसऱ्या?"

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. माझ्याहून लहान, तरी मी त्यांना वन्सं म्हणते आणि त्या मला वैनी. मी 'तुम्ही' म्हणते, त्या 'तुमी' म्हणतात. या अहो-जाहोच्या आडून आम्ही आयुष्यभर एकमेकींची जेवढी लाज काढली, तेवढी अरे-तुरे करणाऱ्यांनाही काढता आली नसती. त्या दिवशी त्यांनी सुनेला दोन्ही बाऱ्यांचं सांगितलं, पण मीठ-मसाला त्यांच्या हातचा. म्हणून आता साताऱ्याला परत आल्यावर मी माझ्या हातानं लिहितेय. माझी टिंगल करायचीच असेल तर माझ्याइतकी चांगली कुणाला जमणार?

पहिली बारी लग्नानंतरची. मी सांगलीची, शहरातली, आणि वर संगणक शिकलेली. तेव्हा कॉलेजात संगणकाची एक खोली असायची. थंडगार, काचेच्या दाराची. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. त्या खोलीत मी दोन गोष्टी शिकले. एक म्हणजे प्रोग्राम लिहिणं. दुसरी म्हणजे खोलीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांना काही कळत नाही ही समजूत. पहिली गोष्ट मी पुढे विसरले. दुसरी विसरायला फार वर्षं लागली.

अशी मी, पाटणच्या वर कोयनेच्या खोऱ्यात सून म्हणून आले. नवी सून आली की देवीचा गोंधळ घालायचा, ही घरची रीत. गोंधळाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी हळदीकुंकवाचा करंडा हातात दिला आणि सांगितलं, "भावकीला चूलबंद सांग. बाकी गावाला घरटी एक."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस जेवायला. चूलबंद म्हणजे अख्खं घर जेवायला. म्हातारी-कोतारी, तान्ही-लहानी, आलेगेले पाहुणे, सगळे. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. चूलबंद सांगणाऱ्यानं त्या घराच्या पोटाची सगळी जबाबदारी घेतलेली असते.

बरोबर वन्सं होत्या. तेव्हा शाळकरी पोरगी, दोन वेण्या. पहिल्याच वळणावर त्यांना मैत्रीण भेटली आणि त्या तिथंच थबकल्या. मी एकटी पुढे. पहिल्या दारात 'घरटी एक' म्हणताना माझी जीभ अडखळली. मला ते फार कंजूषपणाचं वाटलं. माणसं काय मोजून बोलवायची? सांगलीच्या सुनेला शोभतं का ते? मी कुंकू लावलं आणि ऐसपैस आवाजात म्हणाले, "चूलबंद आवतण आहे हं!" त्या घरची म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, काय कौतुकानं बघतेय! मग मला चेवच चढला. दिसेल त्या दाराला चूलबंद. बांधावर एक दार होतं, त्यालाही चूलबंद. आत गुरं बांधली होती ते नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गाव आलं. अख्खं. सासूबाई दारात उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. आमटीत पाणी पडत गेलं, पडत गेलं, शेवटी डाळ सापडली तर पंगतीत बोभाटा होऊ लागला. "आरं, माझ्या वाटीत डाळ आली!" वन्संनी पदर नव्हता म्हणून ओढणी कमरेला बांधली, मागल्या अंगणात आणखी चुली मांडल्या, शेजारणींना हाताला धरून आणलं आणि भात लावला. मी कुठं होते? मी देवघरात बसून रडत होते. दागिने मात्र सगळे अंगावर होते.

पण भात कमी पडला हे काही फार मोठं नव्हतं. भात लागतो, शिजतो. गावाच्या टोकाच्या एका घरात बाळंतीण होती. चूलबंद म्हटल्यावर घरानं चूल पेटवली नाही, सगळे आमच्याकडे आले. बाळंतिणीचं ताट यजमानानं पाठवायचं असतं. ते कुणी पाठवलंच नाही, कारण ते घर भावकीतलं नव्हतं, त्याला चूलबंद सांगितलंय हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पंगतीत तिच्या सासूला बघून वन्संच्या ध्यानात आलं. त्या ताट झाकून पळतच गेल्या. परत आल्या तेव्हा माझ्यासमोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात.

"वैनी, सांगनं लय सोपं हाय वो. पर दुसऱ्याची चूल इझवायच्या आदी आत कोन उपाशी ऱ्हातंय ते बघाया पायजे का नगं?"

दोन वेण्यांची पोरगी मला शिकवते! मी नाक उडवलं. ते नाक तेव्हा अजून ठेचलं गेलं नव्हतं, म्हणून जास्तच उडायचं.

बरीच वर्षं गेली. मुलं मोठी झाली, ह्यांची बदली सांगलीला झाली, आणि मला घरात बसून गुडघे दुखायला लागले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात संगणकाचं काम आहे असं कळलं. मालक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, बिनतारी संदेशाच्या कामात हयात गेलेली. मुलाखत अशी झाली.

"कॉम्प्युटर खोलता येतो का?"

"चालवता येतो."

"चालवायला पोरं हायत. इथं खोलावा लागतो."

मी खोटंच म्हणाले, येतो. सुभेदारांनाही ते खोटं आहे हे कळलं. तरी त्यांनी घेतलं. म्हणाले, भरतीला आलेला प्रत्येक जण पोहता येतं असंच सांगतो.

मला त्या दिवसांची फार आठवण येते. सकाळी कुपवाडच्या रस्त्याला दुचाक्यांची रांग, तिच्यात माझी स्कूटी, पदर पोटाशी गच्च खोचलेला. शेजारच्या शेडमध्ये लेथ फिरायचं, त्याच्या तेलाचा वास आमच्या चहालाही लागायचा. चार वाजता वर्तमानपत्रावर भडंग ओतायचं आणि सगळ्यांनी भोवती जमायचं. मी चाळिशी ओलांडलेली बाई, पण पोरं 'ताई' म्हणायची. आणि मी परत शिकायला लागले होते. या खेपेला मात्र चपला घालून.

आम्ही दूध संकलनाचे डबे करायचो. गावच्या डेअरीत किटली काट्यावर ठेवली की डबा वजन वाचतो, फॅट वाचतो आणि चिठ्ठी काढतो. त्या डब्याच्या पोटात एक लहानसा संगणक. त्या संगणकाचा जो कारभारी, जो प्रत्येक भागाला काम वाटून देतो, त्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात, फौजेतला कर्नल तो वेगळा. आमचा कर्नल आमचा नव्हे. जगभरातली माणसं मिळून लिहितात, ज्याला हवा त्यानं घ्यावा. फक्त आमच्या काट्याची भाषा त्याला समजावी म्हणून एक दुभाष्या लागायचा, म्हणजे ड्रायव्हर. तो मी लिहायची.

पहिला डबा कुठं बसवला असेल? वन्संच्या डेअरीत. वन्संचे यजमान फौजेत होते, आजारानं गेले. वन्सं लहान लेकाला घेऊन माहेरी आल्या. भावांनी प्रेमानं ठेवलं, पण त्या म्हणायच्या, "भाकरी भावाच्या घरात मोडीन, पर पीठ माझं आसंल." म्हणून त्यांनी आमच्याच सोप्यात गावची डेअरी घेतली. पहाटे दूध, संध्याकाळी दूध. सुटी सणाला नाही, सुतकाला नाही. डेअरी हेच त्यांचं पीठ.

मग एके वर्षी वरून, दूध संघाकडून, निरोप आला. सगळ्या केंद्रांवर एकच नवा प्रोग्राम चालला पाहिजे, आणि तो नव्या कर्नलवरच चालायचा. ज्यांचे डबे तो चालवणार नाहीत ती केंद्रं बंद करून खालच्या रस्त्यावरच्या गावाला जोडायची. नवे डबे मिळणार होते, पण मोठ्या गावांना. वन्संचं केंद्र खोऱ्यातलं, दूध थोडं, वाट चढाची. त्यांना जुन्याच डब्यावर निभवायचं होतं. नाहीतर माणसं किटल्या घेऊन डोंगर उतरणार आणि वन्सं सोप्यात नुसत्या बसणार.

अडचण अशी की जुन्या आणि नव्या डब्यांतले प्रोसेसर वेगवेगळ्या घराण्यांचे. जुना, टेबलावरच्या संगणकात असतो तसल्या घराण्यातला. नवा, मोबाईलमध्ये असतो त्यातला. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. कर्नल मात्र दोघांसाठी एकाच कोडमधून तयार होतो. तयार करताना कुठल्या घराण्यासाठी काय काय घ्यायचं, हे त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलं असतं. हजारो पर्याय, आणि प्रत्येकाची दुसऱ्यावर भिस्त. हे घेतलं तर ते लागतं, ते घेतलं तर आणखी तिसरं.

ही भिस्त लिहायच्या दोन रीती. एक 'डिपेंड्स ऑन', म्हणजे अमुक असेल तरच मी येईन. दुसरी 'सिलेक्ट', म्हणजे मी आलो की अमुक आलाच पाहिजे, त्याची अडचण मला सांगू नका.

मी कुठली निवडली असेल? काट्याला वजन घ्यायला ठरावीक ठोके लागतात, ते नव्या डब्यातल्या बोर्डावरचं, म्हणजे आतल्या सर्किटच्या पट्टीवरचं, घड्याळ देतं. मी लिहिलं, काट्याचा ड्रायव्हर घेतला की ते घड्याळ सिलेक्ट. त्याच्याबरोबर आणखी दोनचार भाग, सगळे सिलेक्ट. नव्या बोर्डावर काटा फुलासारखा चालला. सुभेदार म्हणाले, ड्रायव्हर आपल्याजवळ लपवून ठेवायचा नाही, जगाच्या कर्नलमध्येच पाठवायचा. तिथं गेला की पुढच्या आवृत्त्यांत तो आपोआप राहील, दरवेळी नव्यानं ठिगळ लावायला नको, आणि वन्संचा डबाही त्यावर निघेल. मी मेल पाठवली आणि त्याच दुपारी साताऱ्याहून मागवलेले कंदी पेढे वाटले.

सुभेदारांनी पेढा हातात धरून विचारलं, "रिझल्ट लागला व्हय?"

"लागल्यासारखाच आहे."

जगात कुठेतरी एक यंत्र बसवलेलं असतं. कुणी कोड पाठवला की ते तो सगळ्या घराण्यांसाठी बिल्ड करून, म्हणजे बांधून, बघतं. पेढ्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत त्याची तक्रार आली. नव्या घराण्यात ठीक. जुन्या घराण्यात बिल्ड मोडला. आणखी मी कधी नावही न ऐकलेल्या घराण्यांत मोडला. कारण सोपं होतं. ते घड्याळ फक्त नव्या बोर्डावर असतं, आणि मी 'सिलेक्ट' म्हणून जुन्याच्याही घरात त्याला ओढून नेलं होतं. तिथं त्याला लागणारं काहीच नव्हतं.

मी काय करावं? चूक बघावी? छे. मी उत्तर लिहिलं की आमच्या बोर्डावर व्यवस्थित चालतं.

कर्नलच्या त्या भागाची राखण करणारं एक माणूस दूरदेशी होतं. बाई की बाप्या, आजवर कळलेलं नाही. त्यानं नम्रपणे लिहिलं की तुमच्या बोर्डावर चालतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण हा कर्नल फक्त तुमच्या बोर्डाचा नाही. ज्याची स्वतःची कशावर भिस्त आहे, त्याला सिलेक्ट करू नका. विचारा.

मी दिवसभर फणफणले. सुभेदार चहा ढवळत म्हणाले, "ताई, फौजेत कंपनीला हुकूम द्यायच्या आदी रसद बघत्यात. तुमी डायरेक्ट चढाई केली."

मग मी रागारागानं दुसरं टोक गाठलं. सगळे सिलेक्ट काढले आणि एकच ओळ लिहिली, हा ड्रायव्हर नव्या बोर्डावर डिपेंड्स. बस. पाठवलं. यंत्र गप्प! एकाही घराण्यात तक्रार नाही. राखणदाराचं उत्तर यायचं होतं, पण माझ्या दृष्टीनं लढाई संपली होती. मी त्याच कोडमधून वन्संच्या डब्यासाठी कर्नल बांधला, पेनड्राइव्हमध्ये घातला आणि शनिवारी पाटणची एसटी धरली. नवा प्रोग्राम चालतो का ते बघायला संघाचा तपासनीस सोमवारी यायचा होता.

रविवारी पहाटे सोप्यासमोर किटल्यांची रांग लागली. मी थाटात डबा चालू केला. काय सुरेख चालू झाला! जुन्याहून झटकन. स्क्रीनवर अक्षरं झरझर गेली, एक चूक नाही. मी मागे वळून बघितलं, सगळे बघतायत ना. वन्संनी पहिली किटली काट्यावर ठेवली.

काही नाही.

किटली उचलली, परत ठेवली. काही नाही. वायर काढून घातली. मी घाम पुसला. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "माझी म्हस आटली का काय?"

"म्हस न्हाई आटली मामा," वन्सं म्हणाल्या, "आमची वैनी आटली."

रांग हसली. वन्संही हसल्या, पण मी त्यांचे हात बघत होते. त्यांनी फळीवरून जुनी मापं काढली, पदरानं पुसली आणि मापानं दूध घ्यायला बसल्या. एकीकडे गिऱ्हाइकांशी बोलत होत्या, दुसरीकडे ओठ आवळलेले. सोमवारी तपासनिसासमोर मापं चालणार नव्हती.

रांग सरली तशी मी लॅपटॉप उघडून डब्याच्या कर्नलचं कॉन्फिगरेशन बघायला बसले. पर्याय घेतलेला असला तर त्याच्यापुढे 'होय' असतं. नाकारलेला असला तर 'घेतलेला नाही' अशी ओळ असते. आमच्या काट्याच्या ड्रायव्हरपुढे काय होतं? काहीच नव्हतं. नाही असंही लिहिलं नव्हतं, नावच नव्हतं. मी म्हटलं होतं ना, नवा बोर्ड असेल तरच येईन. जुन्या घराण्याकडे नवा बोर्ड नाही, म्हणून त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. तो गुपचूप गळला. आणि यंत्र गप्प बसलं, ते माझं बरोबर होतं म्हणून नव्हे. जे घेतलंच नाही ते मोडणार कुठून?

वन्सं किटल्या धुऊन आल्या. "घावलं का काय?"

मी सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण खरं सांगितलं. आधी सगळ्या घराण्यांत बळजबरीनं घुसवलं म्हणून मोडलं. मग एकालाच बोलावलं म्हणून तुमचा डबा वगळला गेला.

वन्संनी पदराला हात पुसले. मग त्यांच्या डोळ्यांत तेच दोन वेण्यांचं हसू आलं. "म्हंजी गोंधळाला समद्या गावाची चूल बंद केलीसा, आन् आता माझ्या दारावरनं आवतण न देताच गेलासा. वैनी, तुमाला मधलं काय येतच न्हाई का वो?"

हसता हसता मला खोकला लागला. पण त्या हसण्यात मला ते टोकाचं घर दिसलं, आणि झाकलेलं ताट घेऊन पळणारी पोरगी. मी दोन्ही वेळा एकच केलं होतं. दुसऱ्याच्या घरात काय आहे हे माझ्या दारात उभं राहून ठरवलं होतं.

राखणदारानं 'विचारा' लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. काट्याला खरं काय लागतं? ठोके. कुणाच्या घड्याळाचे, याच्याशी त्याला देणंघेणं काय? जुन्या डब्यातल्या बोर्डावरही स्वतःचं घड्याळ होतंच, निराळ्या नावाचं. तेव्हा मधला मार्ग असा, की 'ठोके देणारं घड्याळ आहे' असा एक छोटा पर्याय करायचा, ज्याची स्वतःची कशावरच भिस्त नाही. ज्या घराण्याकडे, ज्या बोर्डाकडे तसं घड्याळ आहे, त्यानं आपापल्या भागात आपल्या तोंडानं 'आहे' म्हणायचं. आणि काट्याचा ड्रायव्हर फक्त त्या 'आहे'वर डिपेंड्स. कुणाच्या घरात घुसायचं नाही, कुणाचं दार टाळायचं नाही. यात माझी अक्कल काही नाही. कर्नल लिहिणारी माणसं जुन्या काळापासून असंच करत आलीत, त्यात अशी 'आहे'वाली नावं ढिगानं सापडतात. मी ती बघितली होती आणि पुढे गेले होते. घाईची बाई.

दुपारी लाइट गेली. डेअरीच्या बॅटरीवर लॅपटॉप लावला. तो इतका तापला की वन्संनी परात उपडी घातली, तिच्यावर ओला फडका, फडक्यावर लॅपटॉप. म्हणाल्या, "दही लावतायसा का प्रोग्राम?" आधी नव्या बोर्डासाठी बिल्ड करून बघितला. निघाला. मग जुन्या डब्यासाठी. ओळी सरकत होत्या आणि आम्ही दोघी परातीसमोर बसलो होतो, पाळण्यासमोर बसावं तशा. मध्येच वन्सं म्हणाल्या, "न्हाईच झालं तर?"

त्या स्वरात चेष्टा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांना टोमणा मारता आला नाही.

"तर सोमवारी तपासनिसाला मी आमटी वाढीन," मी म्हणाले. "माझ्या हातची."

"नगं गं बया!" त्या म्हणाल्या, आणि जरा मोकळ्या झाल्या.

या खेपेला मी बिल्ड झाल्यावर लगेच उठले नाही. आधी कॉन्फिगरेशन उघडून काट्याच्या ड्रायव्हरचं नाव शोधलं. होतं. नावापुढे होयही होतं. मी वन्संना बोट ठेवून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, बाळाच्या गालावरून फिरवावं तसं, आणि पडदा दुधाच्या हातानं चिकट करून ठेवला.

संध्याकाळी पहिली किटली त्याच सकाळच्या म्हाताऱ्याची. काट्यानं आकडा दाखवला. चिठ्ठी कुरकुरत बाहेर आली. म्हातारा म्हणाला, "म्हस परत व्याली म्हनायची."

सोमवारी तपासनीस आला. डबा बघितला, चिठ्ठी काढून बघितली, चहा प्याला, "ठीक आहे" म्हणाला आणि गेला. वन्संनी आभार वगैरे मानले नाहीत. निघताना एक किटली दिली. "त्या सुभेदाराला द्या. आन् त्या परदेशातल्या मानसाला बी द्या म्हनावं थोडं."

राखणदारानं तो बदल घेतला. एका ओळीत उत्तर होतं, आता बरं झालं. मी पेढे आणायला निघाले तर सुभेदारांनी अडवलं. म्हणाले, "थांबा. आदी सगळी घराणी बघून येऊ द्या त्या मशिनला." दोन दिवस थांबले. मग पेढे.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सुभेदारांनी कारखाना आवरला, आम्ही साताऱ्याला राहायला आलो. वन्संच्या केंद्राला पुढे नवा डबा मिळाला, तरी जुना त्यांनी काढू दिला नाही. नवा रुसला की जुना चालवतात. मध्यंतरी कर्नलवाल्यांची एक मेल फिरत आली. जुन्या घराण्यातले अगदी म्हातारे प्रोसेसर आता काढून टाकावेत का, अजून कुणाकडे चालू आहेत का, असलं तर सांगा. मी वन्संना फोन केला.

"वन्सं, जुना डबा चालतो का अजून?"

"न चालाया काय झालं? तुमी हात लावला न्हाई ना?"

मी मेलला उत्तर लिहिलं. आहे. कोयनेच्या खोऱ्यात एक आहे.

जावळाचं आवतण शेवटी मीच दिलं. सुनेला बरोबर घेतलं. भावकीला चूलबंद, बाकीच्यांना घरटी एक, अगदी सासूबाईंनी सांगितलं होतं तसं. पण चूलबंदच्या दारात मी उभी राहून विचारायची, घरात कोण अंथरुणावर आहे का, कुणाचं पथ्य आहे का, शेतावर कोण राहणार, ताट कुठं पाठवायचं? एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आजी, आवतण द्यायला आलाय का खानेसुमारीला?" सून हसून हसून वाकली.

जावळाच्या दिवशी संध्याकाळची पंगत रंगात असताना वन्सं उठल्या. कमरेची किल्ली चाचपली. मी म्हटलं, "अहो, बसा की. चूलबंद आहे तुम्हाला."

"चूल बंद आसंल. म्हशी बंद हायत का?"

गर्दीमुळे डेअरी त्या दिवसापुरती शेजारच्या पडवीत मांडली होती. त्या गेल्या. मी एक ताट वाढलं, वरनं दुसरं झाकलं आणि त्यांच्यामागोमाग गेले. पडवीच्या दारापाशी पोहोचले तेव्हा आतून काट्याचा आवाज आला आणि वन्संचा. "ठिवा मामा किटली. हाय, लागतंय."

मी ताट फळीवर ठेवलं. त्यांनी झाकण उचलून वाटीतल्या आमटीत बोट फिरवलं.

"डाळ हाय की वो, वैनी."